पाच नंबर

सोहारच्या बाजारात बायकांचे बूट मिळतात:
उंच टाचांचे, टिकल्यांचे, लग्नात मिरवायचे.
मला हवा होता पोलादी चवड्याचा, शिवलेल्या तळाचा,
तापल्या जाळीवरून बारा तास चालणारा.
कुंजुमोन माळ्यावर चढला, शिंकत उतरला.
"लेडीज नाही मॅडम. जेंट्स सात आहे.
आत दोन सोल टाका, जाड मोजे घाला,
सगळ्या तसंच करतात."
सगळ्या म्हणजे कोण, मी विचारलं.
त्याने बोटं मोजली.
मी, आणि गेल्या वर्षीची कुणी फिलिपिनी वेल्डर.

कंपनीचे फुकटचे होते की.
दोन महिने सुट्टीला गेले, खोली बंद, एसी बंद,
परतले तर वरचं चामडं जसंच्या तसं
आणि तळ?
बोट लावलं तर भुगा, शिळ्या खव्यासारखा.
घातले असते तर टिकले असते म्हणे.
न वापरल्याने मेलेली ही काही माझी पहिली गोष्ट नव्हे.
पोहणं होतं. बुलबुल तरंग होतं.
एक मैत्रीण होती, मालवणची.

म्हणून या खेपेला घाई केली नाही.
संध्याकाळी गेले, पाय सुजल्यावर;
सकाळचा पाय खोटं बोलतो.
चामडं वाकवलं. सुरकुती बारीक हवी,
दुधावरच्या सायीला पडते तशी,
पापुद्रा सुटता कामा नये.
वास घेतला, भर दुकानात, दोन पठाण बघत असताना.
तीन आठवड्यांनी मस्कतहून आला माझा पाच.
चौतीस रियाल.
आईला फोनवर पंधरा सांगितले.
"पंधरात येतं तरी काय गं?"
म्हटलं, दोन पाय येतात.

पहिले आठ दिवस बुटांनी मला घातलं.
टाचेला फोड, करंगळीला गाठ,
जिना उतरताना दातओठ.
मग एका मंगळवारी
दुपारच्या भोंग्यापर्यंत त्यांची आठवणच झाली नाही.

फलजच्या गल्लीत, टायरवाल्याच्या सावलीला
दोस्तमुराद बलुच बसतो, आरी आणि दाभण घेऊन.
त्याने बुटात हात घातला, बोटं चोळली, म्हणाला, मीठ.
"उन्हाने नाही मरत चामडं, बाई. तुमच्या घामाने मरतं."
ओल्या फडक्याने पूस. उन्हात ठेवू नकोस.
तेल थोडं; जास्त पाजलंस तर आळशी होईल.
रात्री कागद कोंब, पण अरबी वर्तमानपत्र नको,
कुठल्या ओळीत त्याचं नाव असेल, सांगता येत नाही.
तेव्हापासून मी सुपरमार्केटची जाहिरातपत्रं कोंबते:
कांदे, सुरमई, पाच किलोवर एक किलो तांदूळ.

खंडेनवमीला हेमांगीने पाट मांडला.
तिचा स्टेथोस्कोप, माझा गॅस-मीटर, हेल्मेट,
झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती.
मी बूट हातात घेऊन उभी.
ती काही बोलली नाही.
पाटाकडे पाहिलं, मग दाराकडे.
खरं सांगायचं तर मलाही नाही जमलं.
हात पुढे जाईना.

उंबऱ्यातच बसले मग, मेणाची डबी उघडून.
नाड्या काढल्या, जीभ बाहेर ओढली,
चिंधी बोटाला गुंडाळून टाक्याटाक्यावरून फिरवली.
डाव्या चवड्यावर ओरखडा आहे, मार्चमधला,
पाइप सुटला होता तेव्हाचा.
आत बोटं पाच आहेत.
अधूनमधून मोजते.
तिथे मेण दोनदा लावलं.

हेमांगी हळदकुंकवाची वाटी घेऊन दारापर्यंत आली,
थांबली जराशी,
आणि म्हणाली, वास बरा येतो गं याचा.