पुढे काही नाही

सकाळी सहाला तंबूवरचं दव झटकलं,
साखळीला तेल दिलं, दोन सुकी अंजिरं खाल्ली.
नववा दिवस. मांड्यांनी आता तक्रार सोडली आहे.
जुन्या कारकुनांसारख्या त्या नुसत्या कामावर येतात.

पहिलं गाव साडेसातला.
कॉफीचं एकच दुकान, दारात मण्यांचा पडदा,
आत चार म्हातारे आणि आवाज बंद केलेला टीव्ही.
देओलिंदाबाईंनी पाव भाजला, लसूण चोळला,
ऑलिव्हचं तेल ओतलं, हात आखडला नाही.
"पुढे कुठे?"
मी नकाशावर बोट ठेवलं.
"तिथे? तिथे काही नाही,"
चौघेही एका सुरात म्हणाले.

तिथे होतं:
निळ्या पट्ट्याची पांढरी घरं,
कपडे वाळत घालणारी मुलगी, तोंडात चिमटे,
तिने मला नुसत्या भुवयांनी रामराम केला.
धुण्याचा सार्वजनिक हौद, पाणी वाहतंय, धुणारं कोणी नाही.
शाळेच्या फाटकाला कुलूप,
घंटेच्या कमानीवर करकोच्याचं घरटं.
करकोचा चोच वाजवतो.
तेवढीच हजेरी.

मग चढ.
चढाबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

दुपारी कुठल्याशा खड्ड्यात
हँडलच्या डाव्या टोकाचं झाकण उडालं.
पट्टी सुटली, वाऱ्यावर फडफडत राहिली,
जखमेचं बँडेज सुटावं तशी.
दोन्ही बाजूंना तीच झाडं, छातीपर्यंत सोललेली,
गाभ्याचा रंग विटकरी,
आणि प्रत्येकावर चुन्याने एकच आकडा:
चार. चार. सात. चार. एक.
मी त्यांना घरांचे नंबर समजत होते.

एर्मीनियो सावलीत कलिंगड खात होता.
त्याचं फ्रेंच मोडकं, माझं पोर्तुगीज तीस शब्दांचं,
बाकीचं त्याच्या चाकूने सांगितलं.
चार म्हणजे चोवीस साली साल काढली.
नऊ वर्षं हात लावायचा नाही.
पुन्हा तेहेतिसाला.
"तेव्हा मी नाही," तो म्हणाला,
मंगळवारी मी घरी नसतो म्हणावं, तसं.
मी मनात माझं वय त्या आकड्यात मिळवलं
आणि हातचा विसरले.

त्याने सालीचा तुकडा उचलला, तासला, मापाने घोटला,
थुंकी लावून हँडलच्या नळीत फिरवत बसवला.
बूच.
आमच्या शाळेमागे बुचाचं झाड होतं.
लांब देठांची पांढरी फुलं आम्ही दोऱ्याशिवाय गुंफायचो,
देठ ओठांत धरून पिपाण्या वाजवायचो.
त्याला बूच का म्हणतात, कोणी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.
सत्तेचाळीसाव्या वर्षी, इतक्या लांब येऊन,
एका परक्या माणसाच्या थुंकीने ते कळलं.

पैसे विचारले तर त्याने कलिंगडाची फोड पुढे केली.
पुढचं गाव सांगितलं तर मान हलवली:
"तिथे काही नाही."

तिथे अग्निशमन दलाचं ठाणं होतं.
स्वयंसेवक झुल्मीरा, अर्ध्या वेळची शिंपीण,
बंबाशेजारी गादी टाकून दिली,
कोबीचं सूप, वर सॉसेजची एकच चकती.
"आज कुठून निघालीस?"
मी सकाळच्या गावाचं नाव घेतलं.
"अरे देवा. तिथे तर खरंच काही नाही."
मी सूप पीत राहिले.
लसणाचा वास अजून बोटांना होता.

रात्री दोनच्या सुमाराला फोन वाजला.
मी उठून बसले, बूट शोधले, कशासाठी कोण जाणे.
आग नव्हती.
कुणा म्हाताऱ्याला किती वाजले ते हवं होतं.
झुल्मीराने सांगितलं.
मग खुर्ची ओढून घेतली,
आणि बराच वेळ, हळू आवाजात,
ती त्याच्याशी बोलत राहिली.