एक दाता राहू दे

धार लाकडानं जात नाही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
सात हिवाळे जाळरेषा काढल्यावर
अंगठ्यालाच कळलं.

लाकूड फक्त दमवतं.
ओली करवी काकडीसारखी तुटते,
वाळली की कुरकुर करते.
अंजनीचं खोड उलटं विचारतं, कोण रे तू?
आणि कोयता मनगटापर्यंत झिणझिणतो.
चिवा वरून गुळगुळीत, पण अंगात वाळू;
पन्नास पेरं तोडली की
दुपारनंतर पातं नुसतं थोपटत राहतं.
पण धार खाते ती माती.
बुंधा खालून घ्यायला वाकावं,
घाव एक बोट चुकावा,
खण्णकन् ठिणगी,
आणि सकाळची सगळी पाजवणी जांभ्यात.

माझा कोयता मालट्रकच्या कमानपाट्याचा.
कुंभार्ली घाटात ओझं वाहून वाहून
पाटा तुटला, आणि पाटणच्या नाक्यावर
केराबाई घिसाडणीच्या पालापुढं येऊन पडला.
नवरा सांडशीत धरायचा, घण तिचा.
लाल लोखंड पाण्यात उतरताना
ती बोलणं मधेच सोडायची,
त्या चुर्र आवाजाकडं कान लावून.
"पाणी जादा बसलं तर मोडतंय,
कमी बसलं तर वाकतंय.
वाकल्यालं सरळ करता येतंय, बाबा.
मोडल्याल्याचं काय करतोस?"

गेल्या साली नवे साहेब आले.
कमरेला चकचकीत सुरा,
मुठीत होकायंत्र, म्यानाला चकमक.
दोन दिवस आमच्याबरोबर त्यांनी चिवा तोडला.
तिसऱ्या दिवशी त्याच सुऱ्यानं
पेरू कापला, तोही दाबून दाबून.
आम्ही हसलो नाही. माणूस चांगला.
संध्याकाळी ओढ्यात माझ्याशेजारी उकिडवे बसून
दगडावर पातं कसं धरायचं ते शिकले,
करंगळीचं कातडं घालवून.

तार दिसली ती त्याच आठवड्यात.
नवजाच्या वरच्या अंगाला,
पाणवठ्याच्या वाटेवर फास.
मोटरसायकलच्या क्लचची तार, पिळून दुहेरी,
आणि तारेत भेकराचा मागचा पाय.
अंधाराला पाव तास उरलेला.
पक्कड चौकीत.

तारेला मी कोयता कधी लावला नव्हता.
साहेबांनी गोणपाट टाकून डोळे झाकले,
जनावरावर रेलले,
त्याच्या श्वासाबरोबर त्यांची टोपी वरखाली.
मी तार दगडावर ताणली
आणि मारला.
एक. दोन.
दुसऱ्याला एक पीळ सुटला,
तिसऱ्याला दगडच बोलला,
तार तुटली.
भेकर उठलं, पडलं, उठलं,
करवीत शिरलं.
करवी हलत राहिली थोडा वेळ.
पाय लंगडत होता.
पुढचं मला माहीत नाही.

पात्याला तीन दाते पडले.

केराबाईनं ते नखानं मोजले.
"काय तोडलंस ह्यानं?"
तार, म्हणालो.
"लाकडाचं हत्यार हाय त्ये."
कशाची तार, ते तिनं विचारलं नाही.
कानस घेतली, बारके दोन घासून काढले,
तिसऱ्यावर कानस टेकवली
आणि उचलली.
"ह्यो काढाय गेलं तर दोन सूत लोखंड जातंय.
एक दाता राहू दे.
करवी काय दाता बघून तुटायची थांबतीया?"
वीस रुपये घेतले.

आता पाजवताना दगड तिथं अडखळतो,
दर खेपेला, त्याच जागी.
मी हात उचलतो,
एक बोट पुढं ठेवतो.