सातऱ्यावरच्या नोंदी

नोंदवही चौथी.
आधीच्या तीन हैदराबादच्या थंड खोल्यांत भरल्या:
बशीत पेशी, पेशींत चमकणारा रंग,
वरून मिरचीच्या अर्काचा एक थेंब.
पेशीच्या पापुद्र्यात दार असतं, ग्राही म्हणतात त्याला.
त्याच दाराला मिरची कळते
आणि त्रेचाळीस अंशांपुढचा चटकाही.
दार उघडतं, कॅल्शियम आत धावतं,
बशीभर हिरवं झळाळतं.
नोंद: पहिला थेंब, पूर्ण उजेड.
दुसरा, निम्मा.
पाचव्याला मी यंत्राचा दिवा तपासला.
दिवा ठीक होता. आत आलेलं कॅल्शियमच
आपल्यामागे दार लोटून घेतं.
हे लिहिताना पेन थांबलं होतं,
कागदावर तेवढा ठिपका आहे.

चौथी मात्र भिवापूरच्या अलीकडे, मिरचीच्या सातऱ्यावर.
चार मार्च. शेडखाली एकशे दहा बाया,
देठ एकीकडे, मिरची एकीकडे,
मजुरी किलोवर, खोकला फुकट.
नमुना एक: दुर्पता मेश्राम, वय बावन्न, एकतीस हंगाम.
बोटाच्या मागच्या बाजूला
अर्कात भिजवलेला टिकलीएवढा कागद.
माझ्या हातात घड्याळ.
जळजळ सुरू झाली की सांगा.
पाच मिनिटं. दहा. पंधरा.
"सुरू झाली?"
"कायची व?"

नमुना दोन, पंचफुला नन्नावरे: बावीस मिनिटांनी
मुंगी चालल्यावानी.
नमुना सात, ठगूबाई. वय विचारलं तर म्हणाली,
तुह्या मायपेक्षा दोन दिवाळ्या मोठी.
चहाचं जर्मनचं भगुनं चुलीवरून हातानंच उतरवते.
तिला काहीच नाही.
"काहीच नाही"साठी माझ्या तक्त्यात जागा नव्हती.
शून्य लिहिलं. मग खोडलं,
शून्य मिनिटं म्हणजे तर लगेच.

अकरा मार्च. तुलनेसाठी
मिरचीला हात न लावणारं कुणी हवं.
गावात तसं सापडेना. पोस्टमन कबूल झाला,
कागद पाहून सायकलवर बसला.
"तूच लाव ना," दुर्पताबाई म्हणाली.
मी हसले. मी इथलीच,
बारावीपर्यंत चार हंगाम याच शेडात बसलेली,
रात्री त्याच हातांनी डोळे चोळून
जीवशास्त्र वाचलेली.
माझी दारं केव्हाच लोटलेली.
कागद ठेवला.

चाळीस सेकंद.

हात झटकला, पाणी मागितलं,
पाण्यानं आणखीच भडकलं,
एकशे दहा बायांसमोर डोळे गळायला लागले.
शेडभर हसू. कुणीतरी टोळीचं तेल चोळलं.
ठगूबाईनं बोट धरून फुंकर घातली,
लहान पोराला घालतात तशी.
"विशाखे, पाहुणी झाली व तू."

सतरा वर्षं.
वाचलेलं होतं मी: मिरची थांबली
की बधिर टोकं सावकाश परत जागी होतात.
उताऱ्याखाली तेव्हा रेघही मारली होती.

एकोणतीस एप्रिल. बाहेर सेहेचाळीस.
कागद उन्हात वाळतात, वेळा चुकतात, तीन नमुने बाद.
पंचफुला विचारते, ह्याचं कायचं औषध निघंन?
दुखणं थांबवायचं, मी सांगते,
हेच दार बंद ठेवायचं.
"ते तं आमच्यापाशी हायेच.
उघडाचं निघंन तं सांग.
नातवाच्या अंगात ताप हाय का नाई
हाताले समजत नाई मले. गाल लावून पाह्यतो."

हे कुठल्या रकान्यात बसेना.
पान बासष्ट, समासात, पेन्सिलनं:
नमुना दोन. गाल.
खाली तुलनेच्या ओळीत अजून एकच नाव,
माझं, आद्याक्षरांत,
आणि तेलाचा डाग पडून
चाळीसमधला चार
नीट वाचता येत नाही.