शून्याची जागा

कुपवाड एमआयडीसी, पत्र्याची शेड,
आवट्यांच्या जुन्या मिलिंग मशीनचा वाय अक्ष
तीन दिवस रुसलेला.
भंगारातून आणलेला सर्व्हो ॲम्प्लिफायर,
मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
आठ की तीन, कळत नाही.
वर चार पितळी स्क्रू, जोंधळ्याच्या दाण्याएवढे:
गेन, टॅको, करंट, ऑफसेट.

पहिल्यांदा वीज दिली
आणि मोटर सुटली दावं तोडलेल्या खोंडासारखी.
टेबल धाडकन स्टॉपवर.
मी लाल बटण दाबून तशीच उभी,
बोट उचलेना.
दस्तगीरमामा शिकलगार बिडी विझवत म्हणाले,
"टॅकोच्या वायरी उलट्या लागल्यात पोरी.
ही पळतीया पुढं, आन् टॅको सांगतोय, मागं जातीया.
मग काय, आणखीनच पळणार की."
दोन वायरींची अदलाबदल. एवढंच.

मग स्कोप लावला.
डिप्लोमाला पाठ केलेली ती चौकोनी लाट
खरी अशी आज पाहिली.
हिच्यात अर्धवट काही नसतं.
ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद,
सेकंदाला वीस हजार वेळा.
मोटर हळू फिरवायची म्हणजे थोडं थोडं द्यायचं नाही,
सगळंच द्यायचं,
थोडा वेळ.

वडील हळदीचा ट्रक घेऊन गुजरातेत जायचे.
महिन्यातले चार दिवस घरी,
पण त्या चार दिवसांत सगळेच्या सगळे घरी.
मोटरच्या वेटोळ्यांना मधले खंड कळत नाहीत,
ती सरासरीवर फिरते.
आईला कळायचे.

गेन मामांनी कानाने लावला.
मोटरच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले.
"चढव. चढव. अजून.
...हां, गायला लागली. आता पाव फेरा मागं."
मिरजेत त्यांचा भाऊ तंबोऱ्याला जवारी लावतो.
"तो घासतो ते गुणगुणावं म्हणून,
आपण फिरवतो ते गुणगुणू नये म्हणून.
कान तोच लागतो."

आवटी मधेच: "करंट जरा वाढवा की, ऑर्डर अडलीय."
मी मोटरच्या पाटीवरची धूळ पुसली.
आठ अँपियर.
आठच ठेवला.

शेवटी ऑफसेट.
शून्य सांगितलं, तरी टेबल सरकतंच,
डोळ्याला दिसत नाही,
डायल गेजची सुई मात्र मिनिटाला दोन घरं.
घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर, श्वास रोखून
केसभर डावीकडे.
सुई उलटी निघाली.
निम्मा केस उजवीकडे.
पहाटे कुठेतरी ती थांबली,
आम्ही तिघे चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिलो,
मूल झोपलंय की नाही बघावं तसे.

"आता हे हलू नये. नेलपॉलिश हाय का गं?"
माझ्याकडे कुठली!
आवट्यांनी घरी फोन लावला.
वहिनी स्कूटीवरून आल्या, स्वेटरवर गाऊन की गाऊनवर स्वेटर,
न विचारता बाटली पुढे केली, डाळिंबी रंगाची.
चार स्क्रूंवर चार ठिपके.
पाचवा माझ्या अंगठ्यावर सांडला,
तो मी काढला नाही.