दीड क्रेडिट

चर्चच्या तळघरात आम्ही एकोणीस फार्मसिस्ट
संत्र्यांना सुया टोचतोय.
सुईत सलाइन आहे, नॅलोक्सोन समजायचं.
संत्रं म्हणजे मांडी.
साडेनऊला हायवे बंद होणार, म्हणून चहा आधी,
आणि बाहेर बुरिनचा वारा
कोळ्यांच्या होड्यांवरची ताडपत्री फडफडवतोय.

शिकवणारी पोर सेंट जॉन्सहून आलीय, ब्रिना कीपिंग.
बर्फाचे बूट दाराशी, नुसत्या मोज्यांवर उभी.
सांगते : आधी हालचाल, आधी झोप,
गोळी शेवटी आणि थोडी;
आधीपासून चालू असेल तिची
उतरण हळूहळू.
'हळूहळू' ती दोनदा म्हणते,
निजलेलं मूल जिन्यावरून खाली आणावं तशी.

मी लिहून घेते. पेन छान चालतंय.
हे अठ्ठ्याण्णवचं, याच तळघरात मिळालेलं,
सॅल्मनच्या जेवणासोबत.
कंपनीचं नाव बोटांनी पुसून गेलंय,
रिफिल मात्र मी बदलत राहिले.
टाय लावलेला तो माणूस म्हणाला होता,
खऱ्या दुखण्याला सवय लागत नाही. द्या. घाबरू नका.
शेवटी दहा प्रश्न होते.
मला दहापैकी दहा.

मग मी देत राहिले.
खेकड्यांच्या कारखान्यातून माणसं यायची
हात काखेत दाबून.
कुणाचा ठणका, कुणाची सणक,
कुणाची रात्रभर ठसठस,
'आत कुणीतरी दोरी पिळतंय, डोरीन' असंही कुणी.
फॉर्मवर चौकोन एकच :
शून्य ते दहा.
सिरिल टिझार्ड कायम सात म्हणायचा.
आठ म्हणणं त्याला रडगाणं वाटायचं.

वेड, त्याचा पुतण्या,
मार्चमध्ये गोदीवर सापडला, गाडीत, हीटर चालू.
खिशात सिरिलची बाटली.
लेबलावर औषध, मात्रा, तारीख,
आणि खाली कोपऱ्यात, नियमाप्रमाणे,
माझी आद्याक्षरं.

आजही शेवटी दहा प्रश्न आहेत.
सातवा मला ओळखीचा वाटतो.
शब्द थोडे बदललेत, पण तोच.
तेव्हा 'बरोबर' लिहिलं होतं, आता 'चूक' लिहिते.
पुन्हा दहापैकी दहा.

काही शंका? ती विचारते.
मी हात वर करते. म्हणते,
जुनी क्रेडिट्स परत घेतात का?
सगळे हसतात. माझ्या शेजारचा गॉर्डन स्नूक जरा जास्तच.
ती हसत नाही.
'माहीत नाही,' म्हणते,
आणि हातातला रिमोट टेबलावर ठेवते.
या तळघरात हे दोन शब्द
मी पहिल्यांदा ऐकले.

सकाळी नऊला सिरिल दारात.
नव्या डॉक्टरनं एका झटक्यात निम्मं केलंय,
चिठ्ठी त्यानं घडी घालघालून तिकिटाएवढी केलीय.
किती, असं मी विचारलं नाही.
काउंटरच्या या बाजूला येऊन बसले,
विचारलं, काय जमत नाही?
तो बराच वेळ बर्फाच्या नांगराकडे बघत राहिला.
'वरचं बटण,' म्हणाला.
'आणि झोपेत कूस बदलणं.
आणि त्याच्या आईला फोन.'

डॉक्टरला फोन मी लावला. अकरा मिनिटं होल्डवर,
कानात बासरी.
निम्म्याचं दहा टक्के झालं, दर महिन्याला,
आणि न झेपल्यास थांबायचं, असं ठरलं.
कॅलेंडर आखलं, पेन्सिलीनं.
नॅलोक्सोनचा डबा दिला, लाल, झिप असलेला.
त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.
'आता?' म्हणाला.

मी काही बोलले नाही.
त्यानंच मग डबा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला,
कॅलेंडर उचललं, डोळ्यांजवळ धरलं.
'आणि हे तरी बरोबर आहे का, डोरीन?'

आत्तापुरतं, म्हटलं.
पुढच्या गुरुवारी ये. पैसे नाहीत लागत.
नुसता ये.