उलटा खिळा

आप्पा शनिवार पेठेत खिळे जुळवायचे.
अक्षरं आरशातल्यासारखी उलटी.
म्हणायचे, वाच बघू काय लिहिलंय.
मी पाटीआधी शिशावर वाचायला शिकले.

आता पाषाणला, दुसऱ्या मजल्यावर
माझ्या पेटीत चारच खिळे: ए, टी, जी, सी.
त्यातून वीस अक्षरांची ओळ जुळवायची,
उलटी आणि पूरक,
जी डेंग्यूच्या चार भावांपैकी एकालाच चिकटेल,
बाकीच्या तिघांना ओळखही दाखवणार नाही.
जी-सी जास्त झाले तर ओळ ताठते,
कमी पडले तर साठ अंशांना सुटून येते,
एखादी स्वतःतच दुमडून बसते, रुसल्यासारखी.
मध्ये कुठे काना चुकला तर खपून जातं.
शेवटचं अक्षर चुकलं
की यंत्र तोंड उघडत नाही.

गेल्या ऑक्टोबरात धायरीहून नळी आली, दोनशे सतरा.
तापाचा चौथा दिवस, प्लेटलेट एकोणीस हजार.
चिकटपट्टीच्या कडेला पेन्सिलीने,
घोडेस्वार सिस्टरच्या अक्षरात:
टँकरवाल्याची मुलगी. लवकर सांगा.

पडद्यावर रेघ सपाट.
आढळला नाही, असं लिहून मी सही केली.

तीन आठवड्यांनी अख्खी संहिता वाचली,
दहा हजार सातशे अक्षरं.
होता.
माझी ओळ जिथे संपते तिथल्या सीचा
त्याने यू करून घेतला होता, एवढंच.

मी फोन केला, हात गार.
"ती केव्हाच घरी गेली हो," सिस्टर म्हणाल्या,
"सलाईन लावायला तुमच्या कागदाची वाट कोण बघतंय?"

खरंच. कागद तिच्यासाठी नव्हताच,
तिच्या गल्लीसाठी होता.

आता त्याचा कुलवृत्तान्त मांडत बसलेय:
मूळपुरुष धायरीचा, निदान आमच्या नळ्यांपुरता,
वडगावात तीन घरं, हिंगण्यात एक शाखा,
आणि दत्तक गेल्यासारखा
एकटाच एक कात्रजला.
प्रत्येक फांदीच्या टोकाला कुणाचा तरी ताप,
आणि तारीख, माझ्या सहीनंतरची.

नवी ओळ काल मागवली.
त्या शेवटच्या जागी आर लिहिलाय,
म्हणजे ए किंवा जी, समोर जे येईल त्याला जुळेल ते.
आप्पांच्या पेटीत असा खिळा नव्हता.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले असते,
एकदा काय ते ठरव, बाई,
फर्मा थांबलाय.