हुंग

अमळनेरला वैशाखात, भर दुपारी, गाडीखाली शिरणं
हे शहाण्याचं काम नाही
हे पाठीला फरशी चिकटल्यावर कळलं.

गाडी जुनी, आठशे सीसी,
साक्रीच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली,
काचेवर खरवडलेल्या लाल फुलीची अजून सावली.
गॅरेजवाला ऑइल बदलायचे बाराशे म्हणाला.
मी म्हटलं, एक नट तर काढायचा.

खाली नट दोन होते.
हाताला जो आधी लागला, तो माझा.

पान्याला पाईप लावला, पाईपला पाय लावला,
देवाचं नाव घेतलं, मग दुसरंच काही घेतलं,
आणि सुटला तेव्हा पान्यासकट कपाळावर आला.
तेल घमेल्यात पडायचं होतं.
थोडं पडलं.
बाकीचं माझ्या बाहीतून काखेपर्यंत जाऊन आलं
आणि उताराने, घाई न करता,
शालूने लुगड्यावर वाळत घातलेल्या
बिबड्यांकडे निघालं.

रेवा ओरडली, "पप्पा, पूर!"
उशी फाडून आम्ही कापसाचा बांध घातला.
तरी एकवीस बिबडे गेले.

तेल इतकं सोनेरी कसं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.
मला वाटलं, डॉक्टरांची गाडी, जपलेली असणार.
वरून नवं ओतलं, तीन लिटर,
थेंबही न सांडता.
चक्क अभिमान वाटला.

चावी फिरवली
आणि गल्ली पांढरी झाली.
निंबावरचे कावळे उठले.
फवारणीवाले आले समजून
पाटलीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

धुरातून धुडकू आप्पा आले,
भुसावळच्या लोको शेडात तेहतीस वर्षं काढलेले.
हसले नाहीत. तेच जास्त लागलं.
घमेल्यात बोट बुडवून माझ्या नाकाशी धरलं.
"हुंग."

गंधक. नासकं अंडं.

"हाई गिअरनं तेल शे, भाऊ.
इंजिननं काळं ऱ्हास, जळेल.
डोयासले फसाडता येस, नाकले नही."

म्हणजे इंजिनाच्या पोटात दुप्पट
आणि गिअरच्या घशाला कोरड.
दिवेलागणीपर्यंत मी एक उपसत होतो, एक भरत होतो.
आप्पा खुर्चीवर. एकदाही हात लावला नाही त्यांनी,
फक्त शेवटचा नट आवळताना म्हणाले,
"बस. आते थांब."

मी आणखी अर्धा वेढा दिला.

आटा गेला.
घट्टपणा संपून पाना अचानक
लोण्यात फिरल्यासारखा फिरतो, तो क्षण
ज्याने अनुभवला त्याला सांगायला नको,
ज्याने नाही, त्याला सांगून उपयोग नाही.

मग धुळ्याची बस, नवा नट, आटे पाडणारा कारागीर,
पुन्हा तेल.
बाराशे वाचवायला दोन हजार सहाशे चाळीस.
बिबडे वेगळे, ते शालूने अजून माफ केलेले नाहीत.

अंगणातला डाग राख, सोडा, रॉकेल
सगळ्यांना पुरून उरला.
दिवाळीत रांगोळी त्याला वळसा घालून जाते.
आता समोरचा भिकन त्याची स्कूटर आणून लावतो तिथे,
पान्याला पाय लावायला जातो,
आणि माझ्या तोंडून आप्पांचाच आवाज निघतो:
थांब.
तो थांबत नाही.
मी खुर्ची ओढून बसतो.

कुठलंही झाकण उघडलं की मी आधी हुंगतो.
शालू म्हणते, चहासुद्धा.
असेल.